टाचण्या काढणारी नाझमिये

नाझमिये अब्लाबद्दल आमच्या गावात दोन गोष्टी सांगतात. पहिली, तिने पोरीबाळींच्या पोटात गेलेल्या दोनशेच्या वर टाचण्या सुरी न लावता बाहेर काढल्या. ही खरी आहे. दुसरी, तिच्या जिभेच्या धाकाने तिची सख्खी भाची तिच्याकडे आली नाही आणि त्या पोरीचं पोट फाडावं लागलं. ही खोटी आहे. ती खोटी आहे हे अकरा वर्षं गावात फक्त मला माहीत होतं, आणि मी तोंड उघडलं नाही. आता नाझमिये अब्ला नाही, आणि मी लिहायला बसलेय. हे आधी करायला हवं होतं, हे मला कुणी सांगायची गरज नाही.

माझं नाव सानिये. कोन्या शहराच्या पुढे, बीट आणि गव्हाच्या सपाट रानात आमचं तालुक्याचं गाव. तिथल्या सरकारी रुग्णालयात पहिल्या मजल्यावर दुर्बिणीचा, म्हणजे तोंडातून नळी घालून पोट तपासायचा विभाग होता आणि त्याच्या दाराशी माझं टेबल. येणाऱ्याचं नाव लिहायचं, कागद घ्यायचे, बाकावर बसवायचं, नंबर आला की आत सोडायचं, एवढंच माझं काम. दाराच्या आत डॉक्टर रासिम आणि नाझमिये अब्ला. अब्ला म्हणजे ताई. ती नर्स होती, पण अख्खं रुग्णालय तिला ताई म्हणायचं, तिच्याहून चार वर्षांनी थोरला असलेला आमचा वॉचमनसुद्धा.

तिचे वडील रजया शिवायचे. लोकर पिंजताना किंवा टाके घालताना सुई हरवली, तर ती सापडेपर्यंत रजई गिऱ्हाइकाला द्यायची नाही, असा त्या धंद्याचा दंडक. शोधायचं काम धाकट्या नाझमियेचं. सहा वर्षांची पोर डोळे मिटून लोकरीत कोपरापर्यंत हात घालायची. "डोळे उघडे ठेवले की माणूस घाई करतो," ती म्हणायची, "मिटले की बोटं आपोआप हळू होतात." वडिलांनी तिला नर्सिंगला घातलं तेव्हा दुकानात शेजारी हसले होते, की आता सुया शोधणार कोण. तिने लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "आला होता एक. चहा पिताना फुर्रफुर्र आवाज करायचा. म्हटलं, आयुष्यभर कोण ऐकणार?" खरं कारण असं होतं, की वडिलांची दृष्टी गेली आणि त्यांचं करायला दुसरं कुणी नव्हतं. पण हे ती कधी सांगायची नाही.

टाचण्यांचं म्हणाल तर आमच्या बायकांची सवयच तशी. रुमाल बांधताना दोन्ही हात गुंतलेले, म्हणून टाचणी ओठांत. आई तसंच करते, आजी तसंच करायची. ओठांत टाचणी धरून आम्ही भांडू शकतो, शेजारणीला हाक मारू शकतो, लेकराला दटावू शकतो. हसू मात्र शकत नाही. हसलं की श्वास आत ओढला जातो आणि त्याच्याबरोबर टाचणी. त्या वर्षांत शाळेत आणि क्लासात डोकं झाकायला बंदी होती. पोरी सकाळी फाटकाशी रुमाल सोडून पिशवीत घालायच्या आणि सुटल्यावर तिथेच भिंतीला पाठ लावून, आरसा नसताना, पुन्हा बांधायच्या. चाळीस पोरी, चाळीस तोंडांत टाचण्या, आणि त्यात एखादी विनोद करणारी असतेच. आमच्याकडे क्लास सुटण्याच्या वेळेनंतर गर्दी व्हायची ती अशी.

त्यात सगळा खेळ वेळेचा. टाचणी पोटात आहे तोवर दुर्बिणीची नळी तिथपर्यंत पोचते. एकदा ती पोटाच्या खालच्या तोंडातून आतड्यात उतरून पुढे गेली, की आपल्या हातात काही राहत नाही. पुष्कळदा ती आपली आपण निघूनही जाते. पण एखादी आतड्याच्या वळणावर रुतते, आणि मग सुरीशिवाय इलाज नाही. म्हणून नाझमिये अब्ला शाळांमधून जाऊन ओरडून यायची, "गिळलीत तर त्याच तासाला या! भाकरी खाऊ नका, बटाटा खाऊ नका, आजीचं ऐकू नका, सरळ माझ्याकडे या!"

नळी डॉक्टरांच्या हातात असते, पण नळीतून आत गेलेल्या तारेच्या टोकाला जो इवलासा चिमटा, त्याची मूठ नर्सच्या हातात. कधी उघडायचा, कधी मिटायचा, किती दाबायचं, हे सगळं तिच्या बोटांचं काम. डॉक्टर रासिम नवीन नवीन आले, तेव्हाची त्यांची पहिली टाचणी मी दारात उभी राहून पाहिली होती. पडद्यावर गुलाबी पोट आणि त्यात निळ्या मण्याची टाचणी आडवी पडलेली.

"मण्याकडून धरू नका होजा, मणी गुळगुळीत आहे, सटकेल," नाझमिये अब्ला म्हणाली. डॉक्टरला आमच्याकडे होजा म्हणतात, पण तिच्या तोंडी तो शब्द शाळेतल्या पोराला हाक मारल्यासारखा वाटायचा.

"मग? टोक धरायचं?"

"टोकच. टोक आपल्या चिमटीत आलं की बाकीची मुकाट मागून येते. मणी पुढे ठेवलात तर टोक येताना घसा फाडत येईल."

"एवढ्या बारीक टोकाला धरायचं कसं?"

"तुम्ही नळी हलवू नका, बस्स. एवढं जमेल ना? धरायचं माझ्यावर सोडा."

तिने डोळे मिटले. मी खोटं सांगत नाही, पडद्याकडे न बघता तिने मूठ दाबली आणि टाचणी चिमट्यात आली. रबरी हातमोज्याचा तुकडा कापून तिने नळीच्या तोंडाला झालर बसवलेली असायची. बाहेर येताना ती झालर उलटून टाचणीवर पडायची, म्हणजे ओरखडा नको. सगळं मिळून सात मिनिटं. पोरगी उठून बसली आणि रासिम डॉक्टरांनी कपाळाचा घाम पुसला.

आणि या सगळ्या वेळात ती ओरडत असायची. "तोंड आहे की टाचण्यांची उशी? सासूला काय सांगशील, भूक लागली होती म्हणून? हलू नकोस! एवढं मोठं डोकं दिलंय देवाने, ते नुसतं रुमाल बांधायला?" पोरीच्या तोंडात नळी, ती बिचारी उत्तर काय देणार. मी एकदा म्हटलं, अब्ला, जरा हळू. तेव्हा तिने मला समजावलं होतं. "रडणारी पोर उमासे काढते, सानिये. चिडलेली पोर नाकाने श्वास घेते. येऊ दे तिला माझा राग. सात मिनिटांचा तर राग." काम झालं की ती पोरीचं तोंड कोमट पाण्याने पुसायची, केस सारखे करायची, आणि स्वतः तिचा रुमाल बांधून द्यायची. टाचणी कुठे धरून? स्वतःच्या ओठांत. पण हे दाराच्या आतलं. बाहेर बाकावर बसलेल्यांना फक्त ओरडणं ऐकू यायचं.

शिवाय तो फळा होता. लाकडी फळ्यावर हिरवं मखमल लावून तिने काढलेल्या टाचण्या त्यावर टोचून ठेवल्या होत्या, बाहेर, माझ्या टेबलाच्या मागे. प्रत्येकीखाली चिठ्ठी. नाव, मोहल्ला, आणि पोरीने सांगितलेलं कारण. "एमिने, गिरणीचा मोहल्ला, भाऊ हसवत होता." "शाझिये, स्टेशनाजवळ, शिंक आली." पोरींनी बघून शहाणं व्हावं असा तिचा हेतू. गावाने त्याचा तमाशा केला. मुलगी बघायला जाण्याआधी लोक फळा बघून जातात, असा विनोद झाला. चिठ्ठ्या मीच लिहायचे, माझं अक्षर चांगलं म्हणून. आणि खोटं कशाला बोलू, मला मजा यायची. बाकावरच्या बायकांना मी चहा पिता पिता एकेक चिठ्ठी वाचून दाखवायचे.

नाझमियेची धाकटी बहीण फिक्रिये साखर कारखान्यात कामाला. तिची एकुलती एक मुलगी बेतुल. आई पाळीवर गेली की पोर मावशीकडे, म्हणजे सात वर्षांची होईपर्यंत ती जवळजवळ नाझमियेच्याच घरी वाढली. रुग्णालयातही यायची, माझ्या टेबलाखाली बसून चित्रं काढायची. अठरा वर्षांची झाली तेव्हा तिला औषधशास्त्र शिकायचं होतं. प्रवेश परीक्षेचा क्लास लावला होता. नाझमिये अब्ला सगळ्यांना सांगत सुटायची, "आमच्या घराण्यात सुया झाल्या, टाचण्या झाल्या, आता गोळ्या येणार." शांत पोर होती. हसली तरी हात तोंडावर ठेवून हसायची.

तो एप्रिलमधला सोमवार. त्या दिवशी मला घाई होती. आम्ही नवीन घरात राहायला गेलो होतो, पडदेवाला माप घ्यायला चारला येणार होता, आणि नवऱ्याने बजावलं होतं की उशीर केलास तर तो परत यायचा नाही. बाकावर लांबच्या खेड्यांवरून आलेल्या, बेतुलला न ओळखणाऱ्या सहा बायका बसलेल्या. आत एका पोरीची टाचणी काढणं चाललेलं, आणि अब्लाचा आवाज नेहमीसारखा भिंतीतून येत होता. "आता रडतेस? गिळताना नाही रडलीस! थांब, तुझी टाचणी फळ्यावर सगळ्यात वर लावते!"

बेतुल जिना चढून आली. पाठीला पिशवी, रुमाल अर्धवट बांधलेला, एक टोक खांद्यावर लोंबतंय. माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"सानिये अब्ला, मावशी आहे का?"

"ऐकू येत नाहीये का?" मी म्हटलं. बाकावरच्या बायका हसल्या. हसल्या म्हणून मला आणखी चेव आला. "काय गं, रुमाल असा का? तूही गिळलीस की काय? ये ये, मावशी आज नखं काढूनच बसलीये! तुझी चिठ्ठी लिहून ठेवू? घरची आहेस, चांगल्या अक्षरात लिहीन!"

पुन्हा हशा. बेतुलही हसली, हात तोंडावर ठेवून. मग आतून अब्ला आणखी काहीतरी ओरडली आणि बेतुलने दाराकडे पाहिलं.

"नाही हो," ती म्हणाली, "सहज आले होते. मावशीला सांगाल का, मी येऊन गेले म्हणून? नक्की सांगा."

"सांगते की."

ती दोन पावलं गेली, थांबली, वळून पुन्हा म्हणाली, "नक्की हं, सानिये अब्ला." आणि गेली.

मला त्या वळण्याचा अर्थ कळायला हवा होता. अठरा वर्षांची पोर, नीट बांधलेल्या रुमालाशिवाय गावातून चालत येते, दोनदा निरोप सांगते. मी दिवसभर टाचण्या गिळलेल्या पोरींचेच चेहरे बघायचे. तो चेहरा मी ओळखायला हवा होता. पण घड्याळात साडेतीन झाले होते. आतली पोर बाहेर यायच्या आत मी रजिस्टर मिटलं, पिशवी उचलली आणि निघाले. निरोप विसरले. पडदेवाला पाचला आला.

दुसऱ्या दिवशी अब्ला सकाळपासून ओट्यावर नळ्या धूत गाणं गुणगुणत होती. मला निरोप आठवला, नाही असं नाही. पण सहज आले होते म्हणाली ना, मग त्यात सांगण्यासारखं काय, असं वाटलं. काहीतरी बोलत बोलत राहून गेलं. बुधवारीही राहून गेलं.

गुरुवारी दुपारी फिक्रिये आणि तिचा दीर बेतुलला दोन्ही बाजूंनी धरून घेऊन आले. अंगात ताप, पोट लाकडासारखं कडक, ओठ पांढरे. मंगळवारी पोरीने आईला सांगितलं होतं. आईने उकडलेला बटाटा घातला, पाव घातला, आजीने सांगितलं म्हणून कांद्याची पात घातली, म्हणजे टाचणी गुंडाळून जाईल. एक्स-रे काढला. टाचणी पोटातून केव्हाच पुढे गेली होती, आतड्यात, खाली उजवीकडे, आणि तिरकी रुतून बसली होती.

रासिम डॉक्टर म्हणाले, "नाझमिये अब्ला, नळी तिथे पोचायची नाही. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे," ती म्हणाली. तरी तिचा उजवा हात मूठ दाबल्यासारखा मिटत होता, उघडत होता. हातात काहीच नव्हतं.

गाडीने कोन्याला नेलं. तिथल्या मोठ्या रुग्णालयात पोट उघडावं लागलं. आतडं फाटलं होतं, आत पू झाला होता, वीतभर आतडं कापून काढावं लागलं. मी अब्लाच्या सोबत गेले होते. शस्त्रक्रियेच्या दालनाबाहेर आम्ही तिघी. नाझमिये, फिक्रिये आणि मी, नाझमियेची पिशवी मांडीवर घेऊन.

"मला का नाही सांगितलंस?" नाझमिये विचारत होती. "मंगळवारी कळलं तर मंगळवारी का नाही आणलीस? चार गल्ल्या, फिक्रिये. चार गल्ल्यांवर राहते मी!"

"काय सांगू?" फिक्रिये उसळली. "पोर रडत होती, मावशीकडे नको, मावशीकडे नको म्हणत होती! साऱ्या गावाच्या पोरींना तू चिठ्ठ्या लावतेस. माझी पोर तुझ्या जिभेला भ्यायली, नाझमिये. तुझ्या जिभेने तिला त्या टेबलावर झोपवलंय."

तेव्हा मी बोलायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं, की ती आली होती. सोमवारी, गिळल्यावर तासाभरात आली होती, तू सांगितलं होतंस तशी, काही न खाता. आणि मी तिला हसण्यावारी नेऊन परत पाठवली. एक वाक्य. पिशवीचा बंद मी बोटाला गुंडाळत बसले. नाझमियेने मान खाली घातली ती वर करून फिक्रियेकडे पाहिलंच नाही, आणि मला वाटलं, आता नको, उद्या सांगू. खरं सांगते, मला नाझमियेची भीती वाटली. ती मला काय काय बोलेल, त्याची.

बेतुल वाचली. दोन महिने बिछान्यात होती, परीक्षा गेली. पुढच्या वर्षी बसली नाही. पोटावर उभा व्रण घेऊन ती स्वीडनला लग्न होऊन गेली. आमच्याकडच्या पुष्कळ पोरी तिकडे जातात. दोघी बहिणींचं बोलणं बंद झालं. लग्नाचं बोलावणं नाझमियेला आलं नाही. लग्नाच्या दिवशी ती ड्यूटीवर होती आणि दिवसभर कपाटातली औषधं काढून पुसून पुन्हा लावत होती.

गुरुवारच्या त्या दिवसानंतर शनिवारी तिने फळा उतरवला, चिठ्ठ्या फाडल्या. त्याहून वाईट म्हणजे ती ओरडायची थांबली. टाचणी गिळलेली पोर आली की हळू आवाजात म्हणायची, "बरं केलंस आलीस. बरं केलंस." पोरी रडायच्या, उमासे काढायच्या, सात मिनिटांच्या कामाला अर्धा तास लागायचा. एकदा रासिम डॉक्टर वैतागून म्हणाले, "अब्ला, जरा ओरडा हो हिच्यावर!" ती म्हणाली, "नाही जमत होजा. तोंड उघडलं की ती आठवते." वर्षभरात तिने दुसरीकडे बदली मागून घेतली, मलमपट्टीच्या खोलीत. तिची बोटं चिकटपट्ट्या कापण्यात गेली.

चहाच्या वेळी ती माझ्याकडे यायची. किती वेळा एकच गोष्ट बोलायची. "सानिये, मला बाकी काही वाटत नाही. आजारी पडायचं नशिबात असतं. पण माझ्या हातची भाकरी खाऊन वाढलेली पोर. माझ्या पांघरुणात झोपलेली. तिला माझी एवढी भीती वाटावी, की पोटात टाचणी घेऊन तीन दिवस बसावं, पण माझ्या दारात येऊ नये? मी कशी बाई असेन?" मी म्हणायचे, "असं नाही गं अब्ला, लहान होती, घाबरली." तिला साखरेचा खडा द्यायचे. चहात चमचा हलवत बसायचे. दर वेळी वाटायचं, आता सांगावं. आणि दर वेळी, आधीच न सांगितल्याची वर्षं मोजून गप्प बसायचे. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर चूक होती. वर्षाने सांगितलं असतं तर लबाडी. पाच वर्षांनी काय म्हणतात त्याला, मला माहीत नाही.

ती निवृत्त झाली. हृदय मोठं झालं, पायांवर सूज येऊ लागली, जिना चढवेना. मी आठवड्यातून एकदा सूप घेऊन जायचे. गावात माझं नाव झालं, नाझमियेचं सानिये किती करते म्हणून.

अकराव्या वर्षी ऑगस्टमध्ये बाजारात बेतुल भेटली. लाल मिरच्यांच्या ढिगापाशी उभी होती, सोबत एक लहान मुलगी. थोडी जाड झाली होती. स्वीडनमध्ये औषधांच्या दुकानात खोकी लावते म्हणाली. उद्याच परतीचं विमान आहे म्हणाली. इकडचं तिकडचं झालं आणि मग मिरच्या निवडता निवडता, माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "सानिये अब्ला, तुम्ही त्या दिवशी मावशीला सांगितलं होतंत ना?"

"काय?"

"मी येऊन गेले म्हणून."

माझ्या हातातली पिशवी खाली ठेवावी लागली.

"मला वाटलं होतं, निरोप मिळाला की मावशी येईल," बेतुल म्हणाली. "ती ओळखेल. तिला सगळं कळतं. सोमवारी संध्याकाळभर वाट पाहिली. दार वाजलं की वाटायचं, तीच. मंगळवारी आई म्हणाली मावशीकडे जाऊ, तर मीच नको म्हटलं, हट्टाने. येऊन गेल्याचं आईला कधी सांगितलंच नाही. तिला माहीत आहे आणि तरी ती आली नाही, मग मी कशाला जाऊ? पोरवय. पण अजून वाटतं, सानिये अब्ला. एवढं ऐकून ती आली का नाही?"

म्हणजे अकरा वर्षं एकीला वाटत होतं की पोर भीतीने आली नाही, आणि दुसरीला वाटत होतं की मावशी कळूनही आली नाही. मध्ये मी बसले होते, माझ्या टेबलाशी.

"मी सांगितलं नाही," मी म्हटलं. "विसरले. मग नंतरही सांगितलं नाही. तिला आजपर्यंत माहीत नाही."

बेतुलने हातातली मिरची ढिगावर ठेवली. मला वाटलं ती ओरडेल. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती मुलीचा हात धरून गर्दीत चालू लागली. दहा पावलांवर थांबून वळली, पूर्वीसारखीच.

"आता तरी सांगा," ती म्हणाली.

मी तशीच नाझमियेच्या घरी गेले. ती अंगणात सावलीत खुर्चीवर बसली होती, सुजलेले पाय स्टुलावर. चहाही घेतला नाही मी. उभ्यानेच सगळं सांगितलं. पडदेवाला, बाकावरचं हसणं, चिठ्ठीचा विनोद, दोनदा सांगितलेला निरोप. सांगून झाल्यावर मान खाली घालून उभी राहिले. तिने जे काय बोलायचं ते बोलावं, अकरा वर्षांचं सगळं बोलावं, असं मला वाटत होतं.

तिने पाय स्टुलावरून खाली घेतले.

"म्हणजे ती आली होती," ती म्हणाली.

"हो."

"माझ्याकडे?"

"हो अब्ला. जिना चढून. पहिल्या तासातच."

"काही खाल्लं नव्हतं?"

"नसणार. सरळ क्लासच्या फाटकावरून आली होती."

"मी शिकवलं होतं तसंच," ती म्हणाली, आणि हसली. अकरा वर्षांत मी तिला तशी हसताना पाहिली नव्हती. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "आली होती माझी पोर! भ्यायली नव्हती! सानिये, पुन्हा सांग. काय म्हणाली? 'मावशी आहे का' म्हणाली? रुमाल कोणता होता?"

मी पुन्हा सांगितलं. तिने तिसऱ्यांदा सांगायला लावलं. मला एक शब्द बोलली नाही. शेवटी मीच म्हटलं, "अब्ला, मला शिव्या दे. काहीतरी बोल."

तिने माझ्याकडे पाहिलं, खरोखर नवल वाटल्यासारखं. "इतकी वर्षं सांगायला भ्यायलीस तू मला? अगं, मी काय तुला खाल्लं असतं?"

त्याच संध्याकाळी तिने बेतुलला फोन लावला. फोनवर ओरडत होती, "गाढवे, दारापर्यंत आलीस तर दार लाथ मारून उघडायचं होतंस!" आणि पलीकडून हसणं-रडणं काय ते ऐकू येत होतं. बेतुल तेव्हा पहाटेच्या विमानासाठी कोन्याच्या वाटेवर होती, येणं जमलं नाही. सणाला येते म्हणाली, लेकीला घेऊन राहायलाच येते म्हणाली. नाझमियेने रजया उन्हात घातल्या. फिक्रियेही एकदा येऊन बसून गेली.

सणाला अजून तीन आठवडे होते, तेव्हा नाझमिये अब्ला दुपारच्या झोपेत गेली. फोननंतर तिला सव्वीस दिवस मिळाले होते. ते सव्वीस दिवस ती गल्लीतल्या प्रत्येकाला, दूधवाल्यालासुद्धा, हाक मारून सांगत होती, "माझी बेतुल आली होती बरं का त्या दिवशी. माझ्याकडेच आली होती." तिला हे सांगायला मला त्या अंगणात पाच मिनिटंही लागली नव्हती.